एकतीस अंगठे

गुन्हा केला की तो निदान करणाऱ्याला तरी कळतो, असं शंभुलिंगला बावन्न वर्षं वाटत आलं होतं. चोराला ठाऊक असतं की आपण चोरी केली. दुसऱ्याचा बांध कोरणाऱ्याला तर फारच चांगलं ठाऊक असतं. पण आपण गुन्हा केला आहे की नाही, हे माणसानं दुसऱ्याला विचारत हिंडावं, त्यासाठी वकिलाला पंधरा हजार मोजावेत आणि वकिलानं ते खिशात घालून 'बघू' म्हणावं, ही कुठली तऱ्हा? धाराशिवच्या कोर्टामागच्या बोळात, विरुपाक्ष वकिलांच्या टेबलासमोर प्लास्टिकच्या खुर्चीत बसून शंभुलिंग आता तिसऱ्यांदा तेच विचारत होता.

"वकीलसाहेब, एका शब्दात सांगा. म्या गुन्हा केलाय का न्हाय?"

विरुपाक्ष वकील साठीचे. कपाळाला भस्म, आणि आवाज इतका संथ की ऐकणाऱ्याला आधी धीर यायचा आणि मग झोप. ते म्हणाले, "आप्पा, ते तुमच्या करण्यावर कमी आणि सारजाबाईच्या सांगण्यावर जास्त आहे."

हे मुळापासून सांगायला हवं, नाहीतर वाचणाराही शंभुलिंगसारखा डोकं धरून बसेल.

भूम तालुक्यातल्या ईट गावात 'सुवर्णओंजळ' नावाच्या पतसंस्थेची शाखा होती आणि शंभुलिंग अकरा वर्षं तिचा मॅनेजर होता. मॅनेजर म्हणजे पगार साडेसतरा हजार, हाताखाली एक कॅशियर आणि बलभीम नावाचा शिपाई, आणि काचेच्या केबिनवर 'शाखा व्यवस्थापक' अशी पितळी पाटी. ती पाटी लागली त्या दिवशी त्यानं गावभर पेढे वाटले होते. लोकांचा पैसा यायचा, हेड ऑफिसला जायचा, लागला की तिकडून परत यायचा. तिकडं त्याचं काय होतं हे विचारायची पद्धत नव्हती, आणि खरं सांगायचं तर विचारावं असं त्याला कधी वाटलंही नाही. गाव त्या संस्थेला बँकच म्हणायचं. गेल्या श्रावणात एका सोमवारी त्या बँकेच्या एकाही शाखेचं शटर वर गेलं नाही. अध्यक्ष पळाला, मग सापडला, आता तो तुरुंगात आहे आणि लोकांचे पैसे कुठं आहेत ते त्यालाही आठवत नाही म्हणे.

इथवरची गोष्ट मराठवाड्यात कुठल्याही तालुक्याला ऐकवली तरी लोक जांभई देतील. ईटची गोष्ट वेगळी झाली ती अंगठ्यांमुळं.

त्या भागात खव्याच्या भट्ट्या फार. दूध काही कुणासाठी थांबत नाही, त्यामुळं भट्टीवरच्या माणसाला गावात यायलाही सवड नसते. मुदत ठेवीची मुदत संपली की ठेवीदारानं यायचं, पावतीच्या मागं सही करायची, मग ती पुढच्या मुदतीला लावायची, हा नियम. नऊ वर्षांपूर्वी सारजाबाई अशीच भट्टी सोडून आली आणि केबिनमध्ये कडाडली, "शंभूआप्पा, दरसाली मला हितं नाचवतोस व्हय रं? तिकडं कढई करपली माझी! ह्यो घे अंगठा, आत्ताच पाठीमागं उठवून ठिवते. मुदत सरली की तुझं तू पुढं लाव. आन् पावती बी तुझ्यापाशीच ऱ्हाऊ दे, घरात ठिवली तर सून बघंल."

नियमात हे बसत नव्हतं. पण सारजाबाईपुढं नियमाचं नाव काढायची छाती ईटमध्ये कुणाची होती? शंभुलिंगनं अंगठा घेतला, पावती कपाटात ठेवली. दुसऱ्या आठवड्यात आणखी दोघं आले, 'सारजीचं केलं तसं आमचं बी कर' म्हणून. होता होता एकतीस पावत्या झाल्या, कुणाच्या सह्या, बहुतेकांचे अंगठे, सगळ्या एका निळ्या पिशवीत. लोक खूश होते. शंभुलिंगही खूश होता. लोक आपल्यावर एवढा भरवसा टाकतात, याचा त्याला मनातून अभिमानच होता. आता त्या अभिमानाची त्याला शिसारी येत होती.

कारण बँक बंद पडायच्या चोवीस दिवस आधी, एका शुक्रवारी, हेड ऑफिसचा फोन आला. मुदत संपलेल्या आणि महिन्याभरात संपणाऱ्या सगळ्या ठेवी तेरा महिन्यांसाठी पुढं लावा, साडेबारा टक्के व्याज, आजच्या आज. साडेबारा म्हटल्यावर शंभुलिंगला लोकांसाठी आनंदच झाला. त्यानं निळी पिशवी काढली आणि एका दुपारात एकतीस पावत्या पुढं लावल्या. बलभीम शिक्के मारत होता. कुणाला विचारलं नाही. नऊ वर्षांत कधी विचारलं नव्हतं, मग आजच काय म्हणून विचारायचं? अडुसष्ट लाख रुपये त्या दुपारी तेरा महिन्यांसाठी अडकले, आणि मग कायमचे गेले.

"आता नीट ऐका," विरुपाक्ष वकील म्हणाले. "माणसानं बँकेत पैसा ठेवला की तो पैसा बँकेचा होतो. बँक त्याची देणेकरी. देणं बुडवलं तर ते मुख्यतः दिवाणी. कळलं?"

"म्हंजी लोकांचा पैसा लोकांचा न्हवताच?"

"ठेवल्यावर नव्हता."

"मग बुडाला कुणाचा?"

"बुडाला लोकांचा," ते म्हणाले. "ते जाऊ द्या. पण एखाद्यानं विश्वासानं एखादी वस्तू तुमच्या हाती सोपवली आणि तुम्ही तिचा भलताच वापर केला, तर ती फौजदारी. बँकवाल्यानं केलं तर दहा वर्षं, नाहीतर जन्मठेप. पैसा बँकेला दिला होता. पण अंगठा उठवलेल्या पावत्या कुणाला दिल्या होत्या?"

शंभुलिंग पुटपुटला, "मला."

"तेच तर. शिवाय ठेवीदारांसाठी आपल्या राज्याचा वेगळा कायदा आहे. त्यात संचालकाच्या बरोबरीनं मॅनेजरचंही नाव घेतलंय."

"पर माझा पगार साडेसतरा हजार हुता की!"

"कायद्यात पगार लिहिलेला नाही."

शंभुलिंगनं आर्थिक गुन्हे शाखेकडून आलेली नोटीस पुन्हा उलगडली. तिच्यावर काही कलमं जुन्या कायद्याची होती, काही नव्याची. पावत्या जुन्या काळातल्या आणि शेवटची मुदतवाढ नव्या काळातली म्हणून दोन्ही. वरच्या शिक्क्यात जिल्ह्याचं नाव उस्मानाबाद होतं, खालच्या मजकुरात धाराशिव. आपण नेमके कुठल्या जिल्ह्यात, कुठल्या कायद्याखाली, कशाबद्दल गुन्हेगार आहोत, हे त्याला त्या कागदावरून काही केल्या कळेना.

"बुधवारी एकतिसांचे जबाब आहेत," वकील म्हणाले. "त्यांनी सांगितलं, मॅनेजरनं आम्हाला न विचारता अंगठे वापरले, तर तुम्ही आरोपी. त्यांनी सांगितलं, आमच्या सांगण्यावरून मुदत वाढवली, तर तुम्ही साक्षीदार. सारजाबाईची रक्कम मोठी, साडेचार लाख. पहिली तीच. ती जे बोलेल तेच बाकीचे बोलतील. आणि हे बघा, तोवर तिच्याकडं फिरकायचं नाही. दबाव आणला म्हणतील."

"आन् खरं काय म्हनायचं? तिनं नऊ वर्षांमागं सांगितलं हुतं, पर त्या शुक्रवारी म्या इचारलं न्हवतं. ह्येला इचारलं म्हनायचं का न्हाय इचारलं?"

"ते बघू," विरुपाक्ष वकील म्हणाले.

एवढंच असतं तरी शंभुलिंगनं तग धरला असता. त्याला पोखरत होती ती वेगळीच गोष्ट, आणि ती त्यानं वकिलाला सांगून टाकली होती तरी पोखरायची थांबली नव्हती. त्या शुक्रवारच्या आधीच्या मंगळवारी त्यानं स्वतःच्या ठेवीतले दोन लाख काढले होते. पोरीच्या, शिवांजलीच्या नर्सिंगच्या फीसाठी. फीची पावती आहे, तारीख आहे, सगळं चोख. वकील म्हणाले होते, उत्तम, याला कुणी हात लावू शकत नाही.

पण फी भरायला अजून नऊ दिवस होते. आणि आदल्याच दिवशी, सोमवारी, परंडा शाखेच्या श्रीमंतचा फोन आला होता. बोलता बोलता तो म्हणाला होता, दोन आठवडे झाले, हेड ऑफिसची कॅश आलेली नाही. शंभुलिंग म्हणाला होता, व्हतं असं कवा कवा. फोन ठेवला, चहा प्याला, आणि दुसऱ्या दिवशी पैसे काढले.

का काढले? फीसाठी काढले. मग पुढच्या बुधवारी का नाही काढले? दाढी करताना, बैलांना वैरण टाकताना, जेवताना तो स्वतःला हे विचारत होता. कधी त्याला वाटायचं, आपल्याला काहीएक कळलं नव्हतं, आपण साधा बाप आहोत, फी भरली. कधी वाटायचं, पोटात कुठंतरी कळलं होतं आणि डोक्याला आपण ते कळू दिलं नाही. आणि तसं असेल, तर शुक्रवारी लोकांच्या पावत्या पुढं लावताना जो आनंद झाला तो कसला होता? इथं आलं की तो हातातलं काम टाकून उठायचा. आपल्याच मनात काय होतं हे आपल्यालाच सांगता येऊ नये, याची त्याला चीड यायची, लाज वाटायची, आणि भीती तर होतीच.

घरी बायको रुद्रम्मा वाटच बघत होती. ती सीमेकडच्या मुरूम भागातली, रागावली की कानडीत बोलायची आणि घाबरली की मराठीत. आज मराठीत बोलली.

"वकील काय बी म्हनू द्या. तुमी उठा आन् सारजामावशीचे पाय धरा. म्हनावं, मावशी, एवढा एक शब्द बोल."

"कोणता शब्द?"

"तिनं सांगितलं हुतं म्हनून."

"तिनं सांगितलं हुतं, अगं. आन् न्हवतं बी."

"देवा!" रुद्रम्मानं कपाळाला हात लावला. "तुमचं तुमालाच ठरत न्हाय, तर ती काय सांगनार?"

मंगळवारी संध्याकाळी तो निघालाच. सारजाबाईची भट्टी गावाबाहेर ओढ्याकाठी. लांबूनच धूर दिसला, कढईत खुरपं फिरवणारी ती दिसली. सत्तरी गाठलेली बाई, पण हात असा चाले की बघणाऱ्यानं दमावं. साडेचार लाख तिनं त्या कढईतून काढले होते, तीस वर्षांत, धुरानं डोळे लाल करून घेत. शंभुलिंग बाभळीपाशी थांबला. काय म्हणायचं? 'मावशी, मला वाचव' म्हणायचं? कशातून वाचव? पैसे बुडाले तिचे, आणि वाचवायचं तिनं आपल्याला? त्याचे पाय पुढं पडेनात. सारजाबाईनं एकदा मान वर करून पाहिलं, हाक मारली नाही, पुन्हा खुरपं फिरवायला लागली. तो आल्या वाटेनं परत फिरला.

बुधवारी येरमाळ्याला एसटी बदलून तो साडेदहाला धाराशिवला पोचला. आर्थिक गुन्हे शाखेच्या कार्यालयात, तपासी अधिकारी डोईफोडे साहेबांच्या खोलीबाहेर बाकावर बसला. विरुपाक्ष वकिलांना दुसरीकडं तारीख होती. आत जाईपर्यंत येतो म्हणाले होते, ते आले नाहीत.

अकराच्या सुमाराला दोन क्रूझर गाड्या आवारात शिरल्या आणि त्यांतून सगळं ईट उतरलं. पुढं हिंमतराव, गावातले मोठे शेतकरी आणि खव्याच्या शीतगृहाचे मालक, पांढरं धोतर, काखेत वही. त्यांचे सात लाख अडकलेले. मागून सारजाबाई, आणि तिच्यामागं बाकीचे. शंभुलिंग उठून उभा राहिला. नमस्कार करावा की करू नये, हे त्याला कळेना. त्यानं हात अर्धे जोडले आणि तसेच ठेवले. कुणी बोललं नाही. कुणी शिवीही दिली नाही, आणि त्यानं तो जास्तच घाबरला. शिवी देणारा माणूस निदान काय मनात आहे ते सांगून मोकळा होतो.

सारजाबाईचं नाव पहिलं पुकारलं. पाच मिनिटांनी शिपाई बाहेर आला आणि म्हणाला, "शंभुलिंग बिराजदार, तुम्ही पण आत या."

डोईफोडे साहेब तरुण होते, डोळ्याला चष्मा. टेबलावर निळी पिशवी. त्यांनी एक पावती उलटी करून सारजाबाईपुढं धरली.

"आजी, हा अंगठा तुमचा?"

"माझाच. माझ्या अंगठ्याला ह्यो भाजल्याचा वण हाय, बगा की."

"या बिराजदारांनी तो तुम्हाला न विचारता वापरला?"

सारजाबाईनं त्याच्याकडं पाहिलं नाही.

"न इचारता कामून वापरंल? म्याच सांगितलं हुतं."

"काय सांगितलं होतं?"

"मुदत वाढव म्हनून."

"कधी?"

"त्या शुक्रवारी. ह्यो भट्टीवर आला हुता सकाळच्याला. म्हनला, मावशी, साडेबारा टक्के मिळतंय. म्या म्हनलं, कर."

शंभुलिंग भट्टीवर गेला नव्हता. असं काहीही झालं नव्हतं. तो बोलायला गेला, "साहेब..." आणि सारजाबाई त्याच्यावर खेकसली, "तू गप! साहेब मला इचारत्यात."

साहेबांनी लिहून घेतलं. मग एकेक जण आत आला, एकेक बाहेर गेला. शंभुलिंग कोपऱ्यात उभा. मॅनेजर घरी आला होता, म्हणाला साडेबारा टक्के मिळतंय, मी म्हणालो कर. मॅनेजर घरी आला होता. मॅनेजर शेतावर आला होता. दहाव्या जबाबाला डोईफोडे साहेबांनी पेन खाली ठेवलं.

"बिराजदार, त्या शुक्रवारी सकाळी तुम्ही किती घरं फिरलात?"

"मला... साहेब, मला आठवत न्हाय." हे तो खोटं बोलला की खरं, तेही आता त्याला सांगता आलं नसतं. एव्हाना सारजाबाईच्या भट्टीवर आपण खरंच गेलो होतो असं त्याला अंधूक दिसायला लागलं होतं.

"हे सगळे पाठ करून आलेत का?"

"मला ठाऊक न्हाय साहेब."

"तुम्हाला काय ठाऊक आहे?" साहेब चिडले. मग त्यांनी मंगळवारच्या दोन लाखांचं विचारलं, फीची पावती पाहिली, तारीख ताडून घेतली आणि कागद फाईलला लावला. दुपारी दोनला एकतिसावा जबाब झाला. साहेबांनी चष्मा काढून डोळे चोळले. "जा तुम्ही. सध्या तरी साक्षीदार म्हणून घेतो. बोलावलं की यायचं."

शंभुलिंग पायऱ्या उतरला. दहा वर्षं, जन्मठेप, हातात बेड्या, रुद्रम्माचं तोंड, शिवांजलीचं अर्धवट शिक्षण, सहा महिने छातीवर बसलेलं सगळं एकदम उठून गेलं होतं. त्याला रडू यायला लागलं. आवाराबाहेर चहाच्या गाड्याभोवती सगळं ईट उभं होतं. तो सरळ सारजाबाईकडं गेला आणि वाकून तिचे पाय धरले.

"मावशी, तुमी लोकांनी मला वाचीवलं. सात जन्म..."

"सात कशाला, एकच बास," सारजाबाई म्हणाली. "ऊठ. हिंमतराव काय सांगत्यात ते ऐक."

हिंमतरावांनी चहाची बशी खाली ठेवली आणि काखेतली वही काढली.

"हे बग शंभूआप्पा, आमी आठ दिस बसून इचार केला. अध्यक्षाची मालमत्ता लिलावात निघंल, ती कवा? माझी नातवंडं म्हातारी झाल्यावर. आन् तू आत जाऊन आमाला काय मिळालं असतं? आत बसलेला मानूस एक छदाम कमवत न्हाय. उलट त्येला सरकार जेवू घालतं. म्हनून तू भाईर पायजे."

"म्हंजी?"

"माझ्या शीतगृहाला हिशेबाला मानूस लागतो. ईस हजार पगार देतो. आठ तू घरी न्हे, बारा हितं. दर महिन्याच्या एक तारखेला एकतीस जनांत वाटायचं, ज्येच्या त्येच्या रकमेपरमानं. व्याज आमी सोडलं."

शंभुलिंगच्या चेहऱ्यावरचं रडू होतं तिथंच थिजलं. अकरा वर्षांची सवय. त्याच्या डोक्यानं न सांगता हिशेब केला. अडुसष्ट लाख, महिना बारा हजार. सत्तेचाळीस वर्षं. तो बावन्नचा होता.

"पर हिंमतराव, कायद्यानं... वकील म्हनले, पैसा बँकेचा हुतो. बँक देणेकरी हाय. म्या न्हाय."

"बँक कोन?" सारजाबाईनं विचारलं. "म्या तर तुलाच वळखते. बँक माझ्या भट्टीवर कवा आली न्हवती."

"म्या बी त्या शुक्रवारी आलो न्हवतो, मावशी!"

"न्हवतासच आला," ती सहज म्हणाली. "पर आता आमी तसं लिवून दिलंय. एकतीस जनांनी. तुला वाटत आसंल तर जा वर, साहेबाला सांग, ही सगळी लबाड हायेत म्हनून. अजून बसलाय त्यो."

शंभुलिंगनं मागं वळून पायऱ्यांकडं पाहिलं. वर गेलं तर काय? ही माणसं खोटं बोलली म्हणून तीच अडकतील. आणि आपण? दहा वर्षं. दहा वर्षांनी बाहेर येऊन माणूस मोकळा तरी होतो, फेडलं म्हणतो. इथं सत्तेचाळीस. त्याला हसू येतंय की काय अशी शंका आली आणि त्यानं तोंडावरून हात फिरवला. समोर उभ्या असलेल्या माणसांकडं पाहून मात्र त्याला राग येईना. सारजाबाईच्या पायांत उन्हातही चपला नव्हत्या. कुणी त्याच्यावर दात ओठ खात नव्हतं. भट्टीवर कामाला येशील का, असं विचारायला आल्यासारखी ती सगळी साधेपणानं उभी होती.

"एक इचारते," सारजाबाई जवळ आली आणि आवाज बारीक करून म्हणाली. "त्वा तुझे दोन लाख मंगळवारी काढलं. गावाला ठाऊक हाय. पोरीची फी भरली, ते बी ठाऊक हाय. पर तवा तुला कळलं हुतं का, बँक बुडनार म्हनून?"

वकिलानं हे विचारलं नव्हतं. साहेबांनी तारीख पाहिली होती, हे विचारलं नव्हतं. शंभुलिंगच्या ओठांवर 'न्हाय' आलं होतं. सोपा शब्द, आणि बहुतेक खराही. पण तिच्या लाल डोळ्यांत पाहून तो त्याला बोलवेना.

"मला ठाऊक न्हाय, मावशी," तो म्हणाला. "सहा म्हैनं झालं, रोज इचारतोय सोताला. कळलं हुतं का न्हवतं, मला खरंच कळत न्हाय."

सारजाबाईनं मान हलवली, उत्तर पटल्यासारखी.

"मग आसं कर. कळंस्तोवर देत ऱ्हा."

"आन् कळलं तर?"

"न्हवतं कळलं आसं जवा पक्कं कळंल, तवा माझ्या भट्टीवर ये आन् मला तोंडावर सांग. त्या म्हैन्यापासनं माझं बंद. म्या काय बी म्हननार न्हाय."

दुसरं काही कळलं तर काय करायचं, हे ती बोलली नाही आणि त्यानंही विचारलं नाही. चहावाला रिकामे ग्लास गोळा करत होता. क्रूझरचा ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता, परतीला उशीर होतोय म्हणून. शंभुलिंगनं हिंमतरावांच्या हातातली वही घेतली, खिशातलं पेन काढलं, पहिल्या पानावर तारीख घातली आणि एक नंबरला सारजाबाईचं नाव लिहिलं.